आखूड शांतता

बाळ : …म्हणजे त्याचं काय झालं डॉक्टर, आधी आम्हाला वाटलं सर्दी. मग वाटलं, माठातल्या पाण्यानं. घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं. म्हणाले, घसा स्वच्छ आहे, पित्त असेल. मग कित्येक महिने आमच्याकडे आमटीत तिखट नाही. दुखणं हिचं आणि पथ्य मला.

दीपमाला : काका, मी काकूंना विचारलं होतं.

बाळ : हो, तिच्याच वतीनं सांगतोय. तिला बोलायला त्रास होतो ना. त्यासाठीच तर मेंदूच्या डॉक्टरांकडे आलोय.

दीपमाला : पण मला तो त्रासच ऐकायचा आहे. काकू, तुम्ही सांगा. काय करता तुम्ही?

हेमा : मी पौ–रोहि–त्य कर–ते.

बाळ : पौरोहित्य करते. लग्न, मुंज, वास्तुशांत—

हेमा : त्यां–ना कळ–लं.

दीपमाला : आवाज असा तुटायला लागून किती दिवस झाले?

हेमा : दो–न वर्षं.

बाळ : आणि हिचं वैशिष्ट्य काय डॉक्टर, तर प्रत्येक विधीचा अर्थ मराठीत सांगायचा. सोपा करून, थोडक्यात. लोक त्यासाठीच हिला बोलावतात. नुसते मंत्र काय, मोबाइलवरही लागतात. तेच बोलणं असं झाल्यावर लग्नाची कामं घटली. श्राद्धाची मात्र वाढली.

दीपमाला : ती का?

बाळ : लोकांना वाटतं, हिला गहिवरून येतं. सदाशिव पेठेतले एक गृहस्थ मला म्हणाले, आमच्या वडिलांसाठी आम्ही नाही रडलो एवढ्या तुमच्या मिसेस रडल्या. मी काय बोलणार? नमस्कार केला.

दीपमाला : काकू, मंत्र म्हणताना अडतं?

हेमा : ना–ही.

दीपमाला : म्हणा बरं एखादा.

(हेमा मंत्र म्हणते. आवाज कुठेही अडत नाही.)

बाळ : पाहिलंत? म्हणूनच लोक म्हणतात, सोंग आहे. आम्ही समुपदेशक बाईंकडेही जाऊन आलो. त्यांनी हिला विचारलं, घरात तुम्हाला मोकळेपणानं बोलू दिलं जातं का. मी तिथंच बसलो होतो. मी सांगितलं, अगदी मोकळेपणानं बोलू दिलं जातं.

दीपमाला : तुम्ही सांगितलं.

बाळ : मग कोण सांगणार?

दीपमाला : काकू, आता एक करा. आवाज न काढता, कुजबुजून बोला. तुम्हाला स्वतःला काय वाटतं, हे काय झालंय?

हेमा : मला वाटतं, मी खोटारडी झालेय. मंत्र म्हणताना मी चांगली असते, आणि ‘मीठ वाढा’ म्हणायला गेलं की कोणीतरी आतून गळा आवळतं. कुजबुजताना नाही आवळत. हसताना नाही आवळत. मग खरं दुखणं असतं तर असं सवडीनं आलं असतं का? लोक सोंग म्हणतात त्याचं मला काही वाटत नाही. पण आताशा मलाच तसं वाटायला लागलंय.

बाळ : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

हेमा : तुम्ही बो–लत हो–तात.

दीपमाला : सोंग नाही काकू हे. याला डिस्टोनिया म्हणतात. असे पेशंट आहेत माझे, ज्यांचा हात पेन धरलं की पिळवटतो, पण त्याच हातानं ते कांदा चिरतात. एका तबलजींचं बोट फक्त तबल्यावर दुमडतं, चहाच्या कपावर नाही. तुमचं बोलण्यापुरतं आहे. घसा शाबूत आहे, बिघाड वरून आहे.

बाळ : वरून म्हणजे डोक्यात. पण मेंदूचा फोटो काढला होता. नॉर्मल आहे म्हणाले.

दीपमाला : फोटोत नाही दिसत हे, काका. असं बघा. आपण हालचाल करतो तेव्हा मेंदू नुसतं ‘कर’ म्हणत नाही. एका स्नायूला ‘कर’ म्हणतो आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ‘तुम्ही नको’ म्हणतो. खरं तर मोठं काम ते ‘नको’ म्हणण्याचंच आहे.

बाळ : आमच्या पेठेतल्या दुकानदारासारखं.

दीपमाला : तसंच समजा. काकूंचं ते ‘नको’ कमी पडून राहिलंय. बोलायला गेल्या की ज्या स्नायूंनी जरासं आवळायचं, ते गच्च आवळतात. बरं, मी काय म्हणत होते—

बाळ : ‘पडून राहिलंय’ नाही. ‘पडतंय’.

दीपमाला : अमरावतीची आहे मी, काका. तिकडं ‘पडून राहिलंय’ म्हटलं तरी समजतं.

हेमा : इ–कडंही सम–जलं.

दीपमाला : तर आमच्याकडे यावरच एक अभ्यास चालू आहे. डोक्यावर एक कडं धरायचं, त्यातून चुंबकाचा हलका झटका. सुई नाही, शॉक नाही. यायला आवडेल काकूंना? त्यांच्याच वयाची धडधाकट माणसंही हवी आहेत, तुलनेसाठी.

बाळ : मी आहे की. धडधाकट आहे आणि मोकळाही आहे. खडकीच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून मोकळाच आहे.

०

दीपमाला : दुखलं नाही ना, काकू?

हेमा : ना–ही. टिच–की मार–ल्या–सारखं.

बाळ : माझा तर अंगठाच उडाला. मी उडवला नव्हता हां. आपोआप. आपल्या अंगठ्यानं आपल्याला न विचारता उडायचं म्हणजे गंमत आहे.

दीपमाला : आता आकडे आलेत दोघांचे. तुम्हाला चिमूट घट्ट धरून ठेवायला सांगितली होती आठवतं? त्यात झटका दिला की स्नायू आधी उडतो, आणि मग एकदम गप्प होतो. पापणी लवते तेवढाच वेळ. तुम्ही जोर लावत असता, पण स्नायू गप्प. ती शांतता मेंदू पाळतो. त्याचं ‘नको’ किती जोरकस आहे ते त्यावरून थोडंफार कळतं.

बाळ : आणि हिची?

दीपमाला : काकूंची शांतता आखूड आहे.

बाळ : दोन वर्षं घरात गप्प बसलेल्या बाईची शांतता आखूड?

दीपमाला : हो. घशाचं दुखणं, पण हाताच्या स्नायूतसुद्धा आखूड दिसतेय. म्हणजे गळ्यापुरतं नाही हे, मेंदूची ती सवयच जरा सैल आहे. यामुळे आजार होतो की आजारामुळे असं होतं, ते मात्र आम्हाला अजून माहीत नाही. खोटं नाही सांगणार.

हेमा : आ–णि यां–ची?

दीपमाला : काकांची चांगली लांब आहे. आतापर्यंत जेवढी माणसं आली त्यांत सगळ्यांत लांब म्हटली तरी चालेल. मेंदू एकदम शिस्तीत थांबतो त्यांचा.

बाळ : का हसतेस? हेमा. अगं, इतकं काय आहे हसण्यासारखं? डॉक्टर, तुम्हीसुद्धा?

दीपमाला : सॉरी, काका. काकू, हसताना किती मोकळा आवाज आहे बघा तुमचा.

हेमा : ती शां–तता घ–री आणा–यला सां–गा.

दीपमाला : ते माझ्या अभ्यासात नाही. आता उपायाचं बोलू. स्वरतंतूजवळच्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन. अगदी थेंबभर. मेंदू ‘नको’ म्हणत नसेल तर आपण स्नायूलाच जरा बहिरं करायचं. पहिले आठ-पंधरा दिवस आवाज नुसता हवेसारखा येईल, पाणी पिताना ठसका लागेल. मग दोन-तीन महिने छान. मग परत इंजेक्शन.

बाळ : म्हणजे बरं नाहीच होणार.

दीपमाला : मुळापासून नाही. आजतरी नाही.

बाळ : आणि बोटॉक्स म्हणजे विष असतं ना? मी वाचलंय.

दीपमाला : मात्रेवर आहे. अनेक वर्षं देतात.

बाळ : मग असं करू, मैत्रीचं लग्न होऊन जाऊ दे. मैत्री आमची मुलगी. पुढच्या महिन्यात लग्न आहे, बिबवेवाडीच्या हॉलमध्ये. त्याच्या तोंडावर नको ते काही. तसंही लग्नात मी बोलायचं ठरलंय. तयारी झालीय माझी.

दीपमाला : तुम्ही काय बोलणार?

बाळ : सांगायचं राहिलं का? दोन वर्षं लग्नांना मीच जातो हिच्याबरोबर. मंत्र हिचे, अर्थ माझा.

हेमा : त्यां–च्या म–नाचा.

बाळ : मनाचा म्हणजे जरा खुलवून. परवाच्या लग्नात मी सांगितलं, सप्तपदीचं चौथं पाऊल सासूबाईंच्या दिशेनं टाकायचं असतं, ते जपून टाका. काय हशा पिकला, विचारा हिला. लोक आता फोन करून विचारतात, काका येणार आहेत ना?

दीपमाला : काकू, मुलीच्या लग्नात कोण बोलायला हवं तुम्हाला?

बाळ : तिचं असं आहे डॉक्टर—

दीपमाला : काका.

हेमा : मी. मा–झ्या मु–लीचं लग्न मी ला–वणार. अ–र्थही मी सां–गणार. कधी दे–ता?

दीपमाला : पुढच्या महिन्यात लग्न असेल तर याच आठवड्यात द्यायला हवं. हवेचे दिवस आधी जायला पाहिजेत.

हेमा : या आठ–वड्यात.

बाळ : घरी जाऊन विचार—

हेमा : झा–ला.

०

मैत्री : आई, सावकाश पी. एकदम घोट नको घेऊ. डॉक्टर म्हणाल्या ना, हनुवटी खाली करून पी.

हेमा : पितेय. तू पत्रिका वाटून आलीस का?

बाळ : काय म्हणाली?

मैत्री : पत्रिका वाटल्या का विचारतेय. बाबा, तुम्ही टीव्ही बंद करा ना, मग ऐकू येईल.

बाळ : टीव्हीचा काय संबंध. दहा दिवस झाले इंजेक्शनला. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा आवाज येतोय. आधी तुटत का होईना, ऐकू तरी यायचं.

मैत्री : बाबा, हे होणार हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

बाळ : सांगितलं होतं. पण लग्नापर्यंत नाही सुधारलं तर? हॉल भरलेला, पुष्करकडची माणसं बसलेली, आणि यजमानांच्या पुरोहिताकडून नुसती हवा. म्हणून मी माझं निरूपण तयार ठेवतोय. चाळीस मिनिटांचं आहे, तीसवर आणेन.

मैत्री : माझ्या लग्नात चौथं पाऊल वगैरे काही नकोय मला. सीरियसली. पुष्करच्या आई समोर बसणार आहेत.

बाळ : त्यांना विनोद कळत नाही का?

मैत्री : बाबा, एक विचारू? चिडू नका. तुम्हाला आई बरी व्हायला हवी आहे ना?

बाळ : हा काय प्रश्न झाला?

मैत्री : इंजेक्शनच्या दिवशी तुम्ही हॉस्पिटलला जाताना किल्ली सापडत नाही म्हणालात. किल्ली तुमच्याच खिशात होती.

बाळ : विसरलो असेन.

हेमा : मैत्री, पुरे.

मैत्री : नाही आई, त्यांनी सांगू दे.

बाळ : काय सांगू? कारखान्यात नोकरीभर मी काय केलं? समोर आलेला माल तपासायचा आणि ‘चालेल’ नाहीतर ‘परत’ एवढंच म्हणायचं. दोन शब्द. तिसऱ्या शब्दाची कोणाला गरज नव्हती. रिटायर झालो त्या दिवशी निरोपाचं भाषण करायला उभा राहिलो, तर साहेब म्हणाले, वडे गार होतील. आणि आता या दोन वर्षांत माणसं खुर्ची पुढं ओढून माझं ऐकतात. हिची जागा घ्यायची म्हणून नव्हतो गेलो मी. हिचं काम बुडू नये म्हणून गेलो. मग ते आवडायला लागलं. आता त्याला मी काय करू?

मैत्री : बाबा…

हेमा : जरा इकडं या. जवळ बसा. मला ओरडता येत नाही.

बाळ : बसलो. बोल.

हेमा : मला माहीत होतं. तुम्ही बोलायला लागलात की तुमचा चेहरा कसा व्हायचा, मी पाहत होते. बरं वाटायचं मला. आणि तेवढाच रागही यायचा. शेजारी पळी-पंचपात्र घेऊन बसलेली मी, आणि माझ्याच तोंडचं वाक्य तुम्ही भलतीकडं नेताय. तिथंच हात धरून थांबवावं, असं वाटायचं.

बाळ : मग थांबवायचं.

हेमा : चारचौघांत? आवाज कुठं होता थांबवायला? मैत्रीच्या लग्नात तुम्ही मुलीचे वडील म्हणून बसा. पुढच्या रांगेत. आवाज येवो, न येवो, मी बोलेन. हवाच आली तर माणसं पुढं सरकून ऐकतील.

बाळ : आणि मी काय करू?

हेमा : बसा.

०

बाळ : गाडी गेली. आता हडपसरला सासरी पोचतील. मैत्रीनं चार्जर इथंच ठेवलाय.

हेमा : देऊ नंतर. तुम्ही शेरवानी काढा आधी. घामेजलात.

बाळ : आवाज बरा होता तुझा. शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. मी मुद्दाम जेवणाच्या वेळी तिकडच्यांना विचारलं.

हेमा : काय म्हणाले?

बाळ : ऐकू आलं म्हणाले. एक जण म्हणाला, ते काका बोलायचे ते आले नाहीत का? मी म्हटलं, आलेत, जेवताहेत.

हेमा : मलाही एक बाई भेटल्या. श्राद्धाला बोलावतात त्या, नवी पेठेतल्या. म्हणाल्या, आवाज सुधारला हो तुमचा, पण पूर्वी जरा मनापासून वाटायचं.

बाळ : तू काय म्हणालीस?

हेमा : म्हटलं, तीन महिन्यांनी औषध उतरतं, तेव्हा बोलवा.

बाळ : हेमा, सप्तपदीच्या वेळी काय झालं गं? तू एकेका पावलाचा अर्थ सांगत होतीस, मैत्रीनं सातवं पाऊल टाकलं, आणि तू थांबलीस. एकदम. मला वाटलं, आवळला गळा. माझ्या मागं कोणीतरी म्हणालंसुद्धा, इंजेक्शन लागू पडलेलं दिसत नाही.

हेमा : गळा नव्हता आवळला.

बाळ : मग?

हेमा : रडू आलं. मुलगी आहे ती माझी. मैत्रीला पोचवायला ज्या बायका आल्या त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवून सांगितलं, काळजी करू नका, पुढच्या डोसला फरक पडेल. दोन वर्षं दुखण्याला रडू म्हणाले, आणि आज रडू आलं तर दुखणं म्हणतात.

बाळ : मी उठलो होतो.

हेमा : पाहिलं मी.

बाळ : तोंडात वाक्य आलेलं होतं. सातव्या पावलाचंच. चांगलं वाक्य होतं, विनोद नव्हता. मग बघितलं, तू डोळे पुसून माझ्याकडे बघतेयस. म्हणून बसलो. कसा बसलो मलाच माहीत.

हेमा : तेही पाहिलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या ते खरं निघालं. मेंदू शिस्तीत थांबतो म्हणे तुमचा.

बाळ : थट्टा कर.

हेमा : थट्टा नाही. मला खरंच बरं वाटलं. तुम्ही बोलला असता तर बाकीच्यांचं काही बिघडलं नसतं. माझं ते वाक्य तेवढं राहिलं असतं. आता मनात नाही राहिलं ते. थांबून का होईना, मीच म्हटलं.

बाळ : फोन वाजतोय. तुझा. हिराताईचा आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं तिला येता आलं नाही, आता सगळं ऐकायचं असेल. पहिल्या अक्षतेपासून.

हेमा : वाजू दे की.

बाळ : घे ना. आता तर बोलता येतंय तुला.

हेमा : येतंय. सकाळपासून बोलतेच आहे. वन्संना तासभर लागेल. तुम्ही घ्या.

बाळ : मी? सगळं सांगू? माझ्या पद्धतीनं?

हेमा : सांगा. मी इथंच बसलेय. कुठं चुकलात तर बोलेन.